एका परातीतली कणीक

"लिंबाएवढो गोळो बाजूक काढ गो," सत्यवान अंगणातून म्हणाला. "मागच्या खेपेक सुपारीएवढो काढलंस, तो पुरलो नाय."

"पुरलो नाय तर कमी बडवा," सुशीला चुलीपाशी बसून म्हणाली. "गव्हाचा पीठ काय माडाक लागता?"

शनिवारची दुपार होती. उद्या रविवारी पिकाच्या आभाराची उपासना आणि तिच्यातच प्रभुभोजन. खाजणवाडीच्या त्या लहानशा ख्रिस्ती मंडळीत प्रभुभोजनाची भाकर एकोणीस वर्षं सुशीलाच करत आली होती. भाताच्या मुलखात गहू कोणाकडे असणार? मिशनच्या दवाखान्यातून डबाभर पीठ यायचं, ते या एका कामाला. महिन्यातून एकदा, प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशी, ती डोक्यावरून न्हायची, परात राखेने घासून, तीन पाण्यांतून काढून घ्यायची आणि कणीक मळताना कोणाशी बोलायची नाही. भाकरीपुरती कणीक आधी वेगळी काढून, तिच्यावर हात ठेवून डोळे मिटायची. मग तिचं तोंड सुटायचं. परातीच्या कडेला जे उरे, ते मृदंगाचं.

मृदंगाच्या डाव्या अंगाला ओली कणीक थापल्याशिवाय तो बोलत नाही. नुसतं कातडं खडखडतं. तांदळाचं पीठ धरत नाही, वाळून गळून पडतं. गहूच लागतो. वाजवून झालं की सत्यवान ती कणीक नखाने सोडवायचा आणि खाडीवर जाऊन माशांना घालायचा. फुकट काही जायचं नाही.

"काय चल्लाहा नवराबायलेचा?" म्हणत हरिश्चंद्र मास्तर दगडी गडग्यावरून आत आले. मिशनच्या शाळेचे मास्तर आणि मंडळीचे कीर्तनकार. उंच, किडकिडीत, गळा असा की साकी म्हणायला लागले तर खाडीतल्या होड्या वल्हं थांबवून ऐकत. मास्तर उभे राहायचे आणि त्यांच्या डाव्या हाताला सत्यवान मांडी घालून बसायचा, याला अठरा वर्षं झाली होती.

सुशीलेने कोरा चहा पुढे केला. मास्तरांनी परातीकडे पाहिलं आणि हसून गुणगुणले,

"परातीत एक कणीक। तिचे झाले गोळे दोनेक। एक भाकर, ताल एक। धनी एकच दोहींचा॥"

ही ओवी मास्तरांनीच केलेली. कीर्तनात ती कधी आली नाही, ती या घरातच म्हणायची. सुशीला दर वेळी लाजायची आणि दर वेळी तिला बरं वाटायचं.

"उद्याचा काय?" सत्यवानने विचारलं.

उद्याचं म्हणजे सभेचं. पाच महिन्यांपूर्वी नवे पाळक घाटावरून आले होते. माणूस सज्जन, अभ्यासू, आजाऱ्याच्या घरी सगळ्यांच्या आधी पोचणारा. पण त्यांच्या मते उपासनेत वाद्य नको. उद्या उपासना झाल्यावर सगळ्या मंडळीसमोर त्याचा निकाल व्हायचा होता. निकाल मृदंगाच्या बाजूने लागला, तर चार वाजता आवारात आभाराचं कीर्तन. नाही लागला, तर तेही नाही, पुढचीही नाहीत.

"माका चार माणसांत बोलूक येवचा नाय, मास्तर," सत्यवान म्हणाला. "रात्रभर इचार केलंय तरी उबो रवल्यावर जीभ वळायची नाय."

"तुका कोण बोलूक सांगता? तू वाजव, मी बोलतंय. हीच वाटणी आसा मा आपली?"

"नक्की मा?"

मास्तरांनी कपातला चहा हलवून पाहिला. "नक्की म्हणान काय इचारतंस, मेल्या," ते म्हणाले आणि उठले.

सत्यवान मूळचा वालावलचा. तरुणपणी दशावतारी कंपनीत मृदंगावर असायचा. डोक्यावर पेटारे घेऊन गावोगाव हिंडण्यात पायाला जखम झाली, ती चिघळली, आणि कंपनी त्याला एका जत्रेत मागे ठेवून पुढे गेली. मिशनच्या दवाखान्यात सात महिने पडून होता. पाय वाचला. पुढे तो आणि सुशीला, दोघांनी बाप्तिस्मा घेतला आणि त्याच दवाखान्यात तो ड्रेसर म्हणून लागला. लोकांच्या जखमा धुवायच्या, पट्ट्या बांधायच्या, रक्तापुवाच्या चिंध्या उकळायच्या. हाताला कायम औषधाचा वास.

बाप्तिस्म्यानंतर त्याने वाजवणं सोडलंच होतं. त्या वेळचे गुरुदास पाद्री एक दिवस ड्रेसिंगच्या खोलीत आले आणि म्हणाले, "सत्यवान, मृदंग खंय ठेवलंस?"

"घराकडे, वालावलाक. ता सगळा सुटला आता."

"कित्याक सुटला? तुझे हात धुवून घेतले मा प्रभून? मगे तेना काय पाप केल्यान? जा, घेवन ये तेका."

तो गेला. थोरल्या भावाने, भाईने, त्याला घरात घेतलं नाही. गडग्यावरूनच मृदंग हातात दिला. "ह्यो तुझो. नेय. पण पाणी पिवक थांबू नको," एवढंच भाई बोलला. सत्यवान दिवसभर चालत, उपाशी, मृदंग छातीशी धरून परत आला. पुढच्या रविवारी गुरुदास पाद्रींनी त्याला वेदीच्या खाली पहिल्या चटईवर बसवलं, आणि कीर्तनाला मास्तर उभे केले.

ती कीर्तनं ज्यांनी ऐकली त्यांना काय सांगायचं, आणि ज्यांनी नाही ऐकली त्यांना कसं सांगायचं. नुसता उपदेश कानावरून जातो. गाण्यातून आलेला उपदेश माणसाबरोबर घरी येतो, चुलीपाशी बसतो. मास्तरांचं हरवलेल्या मेंढराचं आख्यान होतं. इकडे मेंढरं कोणी पाहिली आहेत? म्हणून मास्तरांनी त्याची पाडी केली होती. भरतीच्या वेळी खाडीत वाहवलेली गायीची पाडी, आणि काळोखात कमरेएवढ्या चिखलातून तिला हाका मारत जाणारा धनी. त्याचं एकेक पाऊल चिखलातून उपसून निघायचं, ते सत्यवानच्या डाव्या हातातून. ऐकायला भंडाऱ्यांच्या वाडीतली माणसंही चटया घेऊन यायची. बायका पदराला डोळे पुसायच्या. त्या पाडीला हाक मारलेली ऐकून मंडळीत आलेली दोन घरं होती.

रविवारी उपासना झाली. वेदीपाशी भाताच्या लोंब्या, सुरण, नारळाच्या जोड्या, कोहळे रचलेले होते. सुशीलेची भाकर मोडली गेली, वाटली गेली. मग पाळकांनी सगळ्यांना बसायला सांगितलं. पुरुष उजवीकडे, बायका डावीकडे. मृदंग खोळ घालून चटईवरच होता.

"सत्यवानभाऊंच्या हातात कला आहे, ती मी नाकारत नाही," पाळक म्हणाले. "पण प्रेषितांनी तुरुंगात गाणी गायिली, तेव्हा त्यांच्याजवळ कोणतं वाद्य होतं? वाद्यं होती ती जुन्या मंदिरात, यज्ञाच्या बरोबर. तो यज्ञ आता संपला. देवाला माणसाचा कंठ पुरतो."

डावीकडून रुक्मिणीकाकी उठली. ही म्हातारी एकटी राहायची, काजू फोडून पोट भरायची आणि कोणाला भ्यायची नाही.

"पाद्रीबाबा, तुरुंगात तेंचे हातपाय बांदलेले आसतले. मोकळे आसते तर तेनी टाळी मारली नसती काय?"

हशा पिकला. पाळकही हसले. "टाळीला माझी हरकत नाही, आजी."

"मगे तीच टाळी चामड्यावर पडली म्हणान काय इटाळली?"

"आजी, हे वाद्य इथल्या नाटकातलं आहे. नवीन येणाऱ्याला उपासना आणि नाटक यांत फरक कसा कळेल?"

"नाटकातसून सत्यवानदादापण इलो," पेटी वाजवणारा बाळा बसल्या जागेवरून म्हणाला. "तेका घेतलास मा आत?"

माना हलू लागल्या. वारं कुठे वाहतंय ते कोणालाही कळलं असतं. सत्यवानने खांद्यावरच्या पंच्याने मानेवरचा घाम पुसला आणि पहिल्यांदाच नीट टेकून बसला.

"मास्तर," पाळक म्हणाले, "कीर्तन तुमचं आहे. तुम्ही बोला."

मास्तर उठले. शाळेतल्या तपासणीच्या दिवशी बोलत, तशी शुद्ध भाषा त्यांनी लावली.

"मी पुष्कळ विचार केला. अठरा वर्षं मी या वाद्याच्या साथीने उभा राहिलो. पण एक गोष्ट माझ्या मनाला खात होती, ती आज मंडळीपुढे ठेवणं माझं कर्तव्य आहे." ते थांबले. "आपण आज जी भाकर घेतली, तिच्याच कणकेचा गोळा या मृदंगाला लावला जातो. एका परातीतला. प्रभूच्या मेजासाठी आलेलं पीठ. आणि वाजवून झाल्यावर ती कणीक खाडीतल्या मासळीला टाकली जाते. हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे."

लोकांच्या माना खोळीतल्या मृदंगाकडे वळल्या.

मागच्या बाकावरच्या वडीलमंडळींपैकी एकाने विचारलं, "सत्यवान, खरां काय ह्या?"

सत्यवान उभा राहिला. त्याला सांगायचं होतं की भाकरीची कणीक आधी काढतात. तिच्यावर प्रार्थना होते. उरते ती नुसती परातीच्या कडेची. गुरुदास पाद्रींना हे ठाऊक होतं आणि ते म्हणाले होते, बरा झाला, दोघांचो धनी एकच. हे सगळं त्याच्या पोटात होतं. पण त्याने आपले शब्द कालच दुसऱ्याकडे ठेवायला दिले होते.

"खरां आसा," तो म्हणाला आणि खाली बसला.

बायकांच्या बाजूला हळूहळू कुजबुज सुरू झाली. एकीने ओठ पुसले. सुशीलेच्या शेजारी बसलेली बाई चटईवर हातभर सरकून बसली. सुशीला खाली पाहत होती. डोक्यावरचा पदर तिने इतका पुढे ओढला की तोंड दिसेना.

पाळकांचा चेहरा पडला होता. त्यांनाही हे ऐकायचं नव्हतं. हात वर झाले, मोजले गेले. उपासनेत आणि आवारात कोणतंही वाद्य नको, असं ठरलं. मग वडीलमंडळींपैकीच एकाने सुचवलं की यापुढे भाकर पाळकांच्या बंगल्यात व्हावी. त्याला तर हातसुद्धा मोजावे लागले नाहीत. नको म्हणून एकटी रुक्मिणीकाकी हात उंच धरून होती. सभा उठली तरी तिने तो खाली केला नव्हता.

चार वाजता वाडीतली माणसं चटया काखेत घेऊन आली. त्यांना कोणी कळवलंच नव्हतं. फाटकाशी सत्यवान उभा होता.

"आज वाजप नाय," तो म्हणाला. "कीर्तन नाय. परत जावा."

"कित्या? कोण गेला काय?" एका म्हाताऱ्याने विचारलं.

"नाय. कोण जावक नाय."

माणसं थोडा वेळ घुटमळली आणि चटया घेऊन तशीच वळली. शेवटचं माणूस दिसेनासं झालं तेव्हा शाळेच्या बाजूने मास्तर आले. बहुधा तेही एवढ्याचीच वाट पाहत असावेत.

"सत्यवान, माझा ऐकून घे."

सत्यवान फाटकाची कडी लावत होता.

"पाळकान माझा नाव वर धाडल्यान हा. उपदेशक म्हणान. घाटावरच्या मंडळीत. मास्तरकीत माझा काय रवला सांग. पन्नाशी इली. हंयसर मी वाद्याच्या बाजून उबो रवलंय असतंय, तर ता नाव परत इला असता."

"ह्या माका काल सांगूचा होता."

"काल सांगूचाच म्हणान इल्लंय. तुमच्या दारात इलंय आणि जमला नाय."

"मगे गप रवूचा. नाय बोललंस असतंस तरी माका काय वाटला नसता." सत्यवानचा आवाज चढला नाही. जखम धुताना रोग्याशी बोलतो तसाच तो बोलत होता. "मृदंग काढलंस, तो काढलंस. तुझो इतको आसा तेच्यावर हक्क. पण सुशीलेची भाकर कित्याक काढलंस रे?"

मास्तरांनी खालच्या चिऱ्याकडे पाहिलं.

"दुसरा काय चलला नसता," शेवटी ते म्हणाले. "बाकी सगळ्याक रुक्मिणीकाकी उत्तर देय होती."

सत्यवानने मान हलवली, जणू एखाद्या हिशेबी माणसाने त्याला रास्त भाव सांगितला होता. तो घराकडे चालू लागला. मास्तर मागून काहीतरी म्हणाले. त्याने थांबून ऐकलं नाही.

घरी सुशीलेने परात घासून भिंतीला उलटी लावून ठेवली होती. चूल पेटलेली नव्हती.

"ओवी तेनाच केली होती मा?" तिने विचारलं.

"व्हय."

"आपल्या घरात बसान."

"व्हय."

त्यानंतर ती त्या गोष्टीवर कधी बोलली नाही. फक्त महिन्याचा तो शनिवार आला की दुपारी तिला काही सुचायचं नाही. निवडलेले तांदूळ पुन्हा निवडत बसायची. पुढच्या प्रभुभोजनाला पाळकांच्या पत्नीने केलेली भाकर ताटात आली. सुशीलेने तिचा तुकडा घेतला, डोळे मिटले आणि सगळ्यांसारखी मान खाली घातली. सत्यवानला वाटलं होतं की ती उपासनेलाच यायची नाही. पण ती त्याच्याआधी तयार होऊन दारात उभी राहायची.

त्याने मृदंगाचे लाकडी गठ्ठे काढून घेतले, चामड्याच्या वाद्या सैल केल्या. ताणलेला मृदंग वाजवला नाही तर आपोआप फुटतो. मग खोळ घालून तो माळ्यावर ठेवला. दवाखान्यात त्याचं काम तसंच चालू राहिलं. लोक म्हणत, सत्यवानदादाचा हात हलको. तो हसायचा. उपासनेत मात्र तो आता शेवटच्या बाकावर, दाराजवळ बसू लागला. गाणं पुढून सुरू व्हायचं आणि मागे येईपर्यंत दोन-तीन तुकडे व्हायचे. पुरुष पुढे जायचे, बायका मागे राहायच्या. पाळक हाताने ताल दाखवायचे; त्यांचा हात आणि लोकांचे गळे एकमेकांना चुकत राहायचे. पण गाणी चालू होती, आणि पाळक म्हणाले तसं, देवाला ती पुरत असतील. ते कोणी ठरवायचं?

फेब्रुवारीत मास्तरांच्या नेमणुकीचा हुकूम आला. जायच्या आधीच्या रविवारी निरोपाचा उपदेश त्यांनी करावा असं ठरलं. मंडळी भरली होती. पाळकांनी मोठ्या मनाने सांगितलं की मास्तरांनी वाटल्यास आपलं आख्यान गाऊन सांगावं. कंठाला बंदी नाही.

मास्तर उभे राहिले. अंगात नवा पांढरा कोट होता. त्यांनी पाडीचंच आख्यान घेतलं. सुरुवातीला आवाज जरा दबलेला होता, मग मोकळा झाला. भरती चढली. पाडी वाहवली. धनी काठावर आला, त्याने धोतर खोचलं, हाक घातली. लोक ऐकत होते. काहीही म्हणा, गळा तो गळाच होता. बायकांच्या बाजूला कोणीतरी नाक ओढलं.

चिखलाच्या पदापाशी आले तेव्हा मास्तरांचे डोळे मिटले होते. पदाची शेवटची ओळ त्यांनी उंच नेली, शेवटचा शब्द तोंडातच ठेवला आणि डावा हात बाजूला उघडून थांबले.

अठरा वर्षं ते इथे असेच थांबत. तो शब्द ते म्हणत नसत. तिथून पुढे मृदंग घ्यायचा. धन्याची पावलं चिखलातून चालत जायची, आणि तिसऱ्या आवर्तनाला सत्यवान समेवर आला की मगच मास्तर डोळे उघडत.

हात तसाच उघडा राहिला. पहिली चटई रिकामी होती आणि सगळी मंडळी तिच्याकडे पाहत होती. पाळकही पाहत होते. बाहेर खाडीवर कोणाचीतरी होडी काठाला लागल्याचा आवाज झाला, तो आत स्पष्ट ऐकू आला.

"फुडे सांगा, मास्तर," रुक्मिणीकाकी बसल्या जागेवरून म्हणाली. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता; वाट चुकलेल्याला सांगावं तसं तिने सांगितलं. "थंयसर आता कोण नाय."

मास्तरांनी डोळे उघडले. उघडा हात त्यांनी कोटाच्या खिशात घातला, आणि पुढची पाडीची गोष्ट नुसती सांगायला लागले.

दाराजवळच्या बाकावर सत्यवान मान ताठ ठेवून समोर पाहत होता. त्याने दोन्ही हात मांड्यांखाली घेतले होते आणि त्यांच्यावर तो सगळा भार देऊन बसला होता.